आपली भेट न होवो

ताईंनी दारातून डोकं आत घालून शुभेच्छांचा मजकूर वाचायला घेतला, तेव्हा डॉक्टर एका विमा एजंटाच्या दाढेत गुंतले होते.

"‘नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. हे वर्ष आपणांस सुखाचे, समृद्धीचे आणि भरभराटीचे जावो. आपली अशीच वारंवार भेट होत राहो.’ गेल्या वर्षीचाच आहे. पाठवून टाकू ना सगळ्या पेशंटना?"

‘पाठवा’ असं म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खोलीत आता दोन तोंडं उघडी होती.

"ताई, ते शेवटचं परत वाचा बरं."

"‘आपली अशीच वारंवार भेट होत राहो.’"

"म्हणजे काय?"

ताईंनी दाराला टेकून घेतलं. दवाखाना सुरू झाल्यापासून बाहेरचं टेबल त्या सांभाळत होत्या. वेळा देणं, फोन घेणं, रडणाऱ्या पोरांना समजावणं आणि रडणाऱ्या बाप्यांना त्याहून जास्त समजावणं, सगळं त्यांच्याकडे. हा प्रश्न आला की पुढची दहा-पंधरा मिनिटं गेली, हे त्यांना पाठ होतं.

डॉक्टरांचा हात फार हलका. दाढ काढून झाली तरी माणूस विचारायचा, "सुरू कधी करणार?" पण डोक्यात एकदा शब्द अडकला की तो निघता निघायचा नाही. कॉलेजात मित्र त्यांना ‘म्हणजेकाय’ याच नावानं हाक मारत. आणि धंदाही नशिबी असा आला, की ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्या तोंडात आपलेच हात. उत्तर येण्याची सोयच नाही. त्यामुळे समोरच्याची बाजूही स्वतःच मांडायची त्यांना सवय लागून गेली होती.

"तुम्हीच सांगा," ते एजंटाला म्हणाले, "तुम्ही आज माझ्याकडे का आलात?"

"आँ."

"बरोबर. दाढ ठणकतेय म्हणून. जेवण नाही, झोप नाही, घरच्यांवर खेकसून झालं."

"आँ, आँ."

"मग हे असंच वारंवार होत राहो, असं मी तुम्हाला म्हणू का?"

एजंटानं तोंडातलं यंत्र सांभाळून जमेल तेवढी मान नकारार्थी हलवली.

"बघा ताई! आणि आपण इतकी वर्षं लोकांना घरपोच हेच कळवतोय."

"अहो डॉक्टर, ते वाचतं कोण?"

"वाचत नाहीत तर पाठवायचं कशाला? आणि पाठवायचं तर ज्याला काही अर्थ आहे असं नको का? थांबा तुम्ही. यंदा मी लिहितो."

रात्रीच्या जेवणालाही विषय तोच. डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवायची. तर्काचं काही अडलं की डॉक्टर तिच्याकडे जात आणि ती बहुतेक वेळा त्यांना आल्या वाटेनं परत पाठवी.

"समृद्धी आणि भरभराट यांत फरक काय गं?"

"मीठ द्या इकडं."

"नाही, दोन्ही एकाच वाक्यात आहेत. एक मिळाल्यावर दुसरी मागायची गरज का पडावी?"

"मोठ्या मनानं द्यायचं म्हटलं की माणूस दोनदा देतो. मीठ."

डॉक्टरांनी मीठ दिलं. "आणि हार्दिक म्हणजे हृदयापासून. ताई एक बटण दाबतात आणि अख्ख्या गावाला निरोप जातो. त्यात हृदय कुठं आलं?"

"ताईंचं बोट तर आलं ना! अहो, शुभेच्छेत गणित बघायचं नसतं. आली की नाही, एवढंच बघायचं. आली तर कुणाच्या लक्षातही राहत नाही. नाही आली तर पुढच्या वर्षापर्यंत लक्षात राहते."

"म्हणजे तिचा उपयोग फक्त नसताना कळतो?"

"दातांसारखा," बायको म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

डॉक्टर मात्र तिथंच बसून राहिले. एखाद्या वाण्यानं ‘पुन्हा या’ म्हटलं तर ठीक. न्हाव्यानं म्हटलं तर ठीकच, केस वाढतातच. पण वकिलानं काय म्हणावं? आग विझवणाऱ्यांनी? आणि दातांच्या डॉक्टरानं खऱ्या मनानं, पेशंटच्या भल्याची इच्छा करायची म्हटली तर ती एकच असू शकते. ती स्वतःच्या पोटावर पाय देणारी आहे हे कळूनही डॉक्टरांना फार आनंद झाला. खरी असल्याची याहून मोठी खूण कोणती!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंच्या पुढ्यात कागद ठेवला. ताईंनी वाचलं: ‘नवीन वर्षात तुमच्यावर आमच्याकडे येण्याची वेळ न येवो, हीच आमची मनापासूनची इच्छा. आपली भेट झाली नाही, तर आम्हाला आनंदच होईल. कळावे, दातांचे डॉक्टर.’

ताईंनी कागद थोडा लांब धरून परत वाचला.

"डॉक्टर, हे जरा तोडल्यासारखं वाटतंय."

"कसं काय? अर्थ लावा ना वाक्याचा!"

"लावूनच सांगतेय."

"ताई, या मजकुरात एकही शब्द खोटा नाही. असा निरोप लोकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळणार आहे."

"ते तर मलाही दिसतंय," ताई म्हणाल्या आणि देवाचं नाव घेऊन त्यांनी बटण दाबलं.

पहिला निरोप वाजला तो बाहेरच्याच खोलीत. एक शिंपी गालाला हात लावून आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याची दाढ आदल्या आठवड्यात उकरून तात्पुरती बुजवलेली होती, कायमची आज भरायची होती. त्यानं खिशातून फोन काढला, वाचला, ताईंकडं बघितलं. परत वाचला आणि हळूच उठून चपला शोधायला लागला.

"कुठं निघालात?" ताईंनी विचारलं.

"नाही, मी येतो. तशी काही फार दुखत नाहीये."

"अहो, तुमचाच नंबर आहे आता!"

"असू दे, असू दे. उगाच डॉक्टरांच्या आनंदावर विरजण कशाला?"

ताईंनी त्याला दंडाला धरून आत नेऊन बसवलं. तो खुर्चीत बसला खरा, पण भूल देण्याआधीच निम्मा बधिर झाला होता. डॉक्टर काम करताना त्याला नव्या शुभेच्छेमागचा विचार उलगडून सांगत होते. तो ‘आँ’ म्हणत होता. डॉक्टरांना वाटलं, पटलंय.

मग टेबलावरचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. आधी एका मुलीची आई. "तारा तुम्ही बसवल्यात आणि आता भेट नको म्हणता? पोरीनं काय लग्नातही तारा लावूनच बसायचं का?" मग पोस्टातल्या एक बाई. त्यांनी मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेली वेळ चुकवली होती. "त्याचा राग असेल तर तोंडावर बोलायचं ना डॉक्टरांनी. असं लिहून कशाला कळवायचं?" मग एक गृहस्थ नुसते रडवेल्या आवाजात म्हणाले, "माझं काही चुकलं का हो?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. ते कोण होते ते ताईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

रागावलेल्या माणसांना समजावता येतं. पण दुपारनंतर लोक रागवायचे थांबले आणि हळहळायला लागले. त्याचं असं झालं, की पोस्टातल्या बाईंनी तो निरोप शेजारच्या खिडकीतल्या बाईंना दाखवला. त्यांनाही तसाच आलेला. दोघींनी मिळून विचार केला, की डॉक्टर सगळ्यांवर एकदम चिडतील असं काही होणार नाही. तेव्हा हा राग नसून निरोप आहे. शेवटचा निरोप. डॉक्टर दवाखाना बंद करतायत. पोस्टात एकदा ठरलं की गावात पोचायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी जागेचे मालक आले. बरोबर एक सलूनवाला होता. मालकांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आधी मला सांगायचंत. लोकांकडून कळावं का?"

"काय कळलं?"

"जाऊ दे, मी कारण विचारत नाही. माणसाचं काही खाजगी असतं." आणि मग आवाज खाली आणून, "जागा मात्र रिकामी ठेवून चालत नाही हो."

तोवर सलूनवाला डॉक्टरांच्या खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून आला होता. त्यानं खुर्चीचं पायातलं पेडल दाबलं. खुर्ची आवाज न करता मागं कलली. सलूनवाल्याच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलाला झोपाळा दिसावा तसा भाव आला.

"ही ठेवून जाणार का?"

"मी कुठंही जात नाहीये!" डॉक्टर म्हणाले.

मालकांनी सलूनवाल्याकडे बघून डोळ्यांनीच ‘आत्ता नको’ अशी खूण केली.

चौकातल्या दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा अंधारून आलं होतं. एरवी या दोघांचं बोलणं रस्त्यात मान हलवण्यापलीकडे जात नसे.

"ऐकून वाईट वाटलं हो. हात थरथरतो का?"

"कुणाचा?"

"लपवू नका. आपल्या धंद्यात ते व्हायचंच. तुमचे पेशंट मी आपल्या घरच्यासारखे सांभाळीन, काळजी करू नका."

डॉक्टर घरी आले तर बायको खुर्चीत सरळ बसली होती. पोरांना शिक्षा करण्याआधी ती अशी बसते हे त्यांना माहीत होतं.

"आज शिक्षकखोलीत मला सगळ्यांनी धीर दिला," ती म्हणाली. "चित्रकलेच्या सरांनी तर डबा दिला. हेडबाई म्हणाल्या, रजा हवी तर घ्या. मी म्हटलं, कशाबद्दल? तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. कशाबद्दल, ते तुम्ही सांगता का?"

डॉक्टरांनी निरोप दाखवला. तिनं तो गणिताचं उदाहरण तपासावं तसा ओळीओळीनं वाचला.

"चूक कुठं आहे सांग," डॉक्टर म्हणाले.

"कुठंच नाही."

"मग?"

"तेच तर. पायऱ्या सगळ्या बरोबर आणि उत्तर वाटेल ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दवाखान्यात पोचले, तर जिन्यावर माणसं उभी होती. दवाखाना बंद होणार म्हटल्यावर ज्याचं त्याला आपापलं तोंड आठवलं होतं. कुणी अर्धी राहिलेली दाढ घेऊन आला होता, कुणी कधीपासून हलणारा दात. एक आजी सगळ्या नातवंडांना घेऊन आल्या. "दुखत काही नाही, पण तुमच्या हातचं एकदा बघून घ्या." जी माणसं वर्षानुवर्षं ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत आली होती, ती दारात हटून बसली होती. विमा एजंट परत आला होता. त्याची दुसऱ्या बाजूची दाढही त्याला आता संशयास्पद वाटत होती.

"मी कुठंही जात नाहीये," डॉक्टर प्रत्येकाला सांगत.

"हो, हो," पेशंट म्हणत, "पण आमचं तेवढं उरकून घ्या."

डॉक्टरांना दुपारी घोटभर चहा घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. हात चालत होते आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता. ‘वारंवार भेट होत राहो’ म्हटलं, तेव्हा माणसं चुकूनमाकून यायची. ‘भेट न होवो’ म्हटलं तर जिना भरला. म्हणजे लोक शब्दांचा अर्थ घेतच नाहीत, की उलटा घेतात? त्यांनी हा प्रश्न त्या दिवशी खुर्चीतल्या प्रत्येकाला विचारला. सगळ्यांचं उत्तर सारखंच आलं. आँ.

हे असंच चाललं. ताईंचा आवाज बसला, हातमोजे संपले, कापूस संपला. शेवटी ताईंनी पदर खोचला.

"डॉक्टर, दुसरा निरोप पाठवायचा. आणि तो मी लिहिणार."

"काय लिहिणार?"

"साधं. ‘दवाखाना नेहमीप्रमाणे चालू राहील. डॉक्टर कुठेही जात नाहीत. काळजी नसावी. सर्वांना नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.’"

"यातली इच्छा नेमकी कसली आहे?"

"माझ्या घशाला आराम पडावा याची," ताई म्हणाल्या आणि पाठवून मोकळ्या झाल्या.

गुण ताबडतोब आला. बाहेर बसलेल्यांचे फोन वाजले, आणि एकेक जण सैलावून उठायला लागला. "आहेत ना डॉक्टर? मग काय घाई आहे! बघू पुढच्या महिन्यात." तारावाल्या मुलीच्या आईनं वेळ पुढं ढकलली. आजी नातवंडांना घेऊन बागेत गेल्या. विमा एजंटाची दाढ आपोआप बरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही तेच. मध्ये एकदा सलूनवाला येऊन बसून गेला. काम काही नव्हतं, नुसता बसला.

डॉक्टरांनी मग वेळ घालवायला कपाट आवरायला काढलं, आणि मागच्या बाजूला त्यांना एक डबी सापडली. त्यात एक नवी कोरी कवळी होती, वरची आणि खालची. ती बघून डॉक्टरांनी हाक मारली.

"ताई, ही निवेदककाकांची! ते आलेच नाहीत न्यायला?"

निवेदककाका म्हणजे गावाचा आवाज. गावात कार्यक्रम कुठलाही असो, गाण्याचा, सत्काराचा, शाळेच्या बक्षिसांचा, व्यासपीठावर माइकपाशी उभे काकाच. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला माइकला हात लावू दिला नव्हता. पडदा वर जायला उशीर झाला तर ते एकटे तासभर बोलत आणि लोकांना पडदा वर गेल्याचं वाईट वाटे. मागच्या महिन्यात त्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले होते, मापं घेतली होती. कवळी लवकर व्हावी असा काकांचा लकडा होता, कारण नातीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्यात चार शब्द बोलण्याचा मान त्यांचा होता. त्यांचे चार शब्द म्हणजे किती, ते सगळ्यांना माहीत होतं.

"त्यांना पण तो निरोप गेला असणार," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "तोंडात दात नाही, कवळी तुमच्याकडे, आणि तुम्ही कळवलंत, आपली भेट झाली नाही तर आनंदच होईल."

डॉक्टरांनी स्वतः फोन लावला. पलीकडून काकूंनी उचलला.

"काकू, मी दातांचा डॉक्टर बोलतोय. काकांना जरा देता का?"

"ते बोलत नाहीत हो," काकू म्हणाल्या.

"माझ्याशी?"

"कुणाशीच नाही. बरेच दिवस झाले, नुसते बसून असतात."

"लग्न कधी आहे?"

"येत्या रविवारी. ठेवू? दूध ठेवलंय गॅसवर." आणि त्यांनी ठेवला.

ज्या माणसाला गावानं कधी गप्प बघितलं नाही, तो एका वाक्यानं गप्प झाला होता. आणि ते वाक्य आपण लिहिलं होतं, वर ते खरं आहे म्हणून मिरवलंही होतं. डॉक्टरांनी डबी बॅगेत टाकली, घासायचे कागद, आरसा, हातयंत्र घेतलं आणि ताईंना म्हणाले, "येतो. पाय धरायला लागले तरी धरून येतो."

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना डॉक्टर मनात माफीची वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यातून दोन अर्थ निघत होते. दार काकूंनी उघडलं. डॉक्टरांना बघून त्यांचा चेहरा का कोण जाणे जरा उतरला.

"तुम्ही? म्हणजे... या ना."

डॉक्टरांनी बूट दारात काढले. काका आतल्या खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. गाल आत गेलेले. डॉक्टरांना बघताच ते ताडकन उठले, दोन्ही हात पसरले आणि त्यांना मिठीच मारली.

"फॉक्फर! फॉक्फर आवे!"

डॉक्टर गोंधळले. ज्या माणसाची भेट नकोशी झालेली असते त्याचं स्वागत असं नसतं.

"काका, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत? तो निरोप..."

"कफवा विवोप?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी खिडकीबाहेर बघितलं.

"काकांचा फोन मी बघते," काकू खिडकीला उद्देशून म्हणाल्या. "त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तुमचं आलं होतं, भेट झाली नाही तर आनंद होईल म्हणून. मी त्यांना सांगितलं, डॉक्टर सध्या भेटत नाहीत."

"आणि दुसरा निरोप? दवाखाना चालू असल्याचा?"

"तो सांगायचा राहिला."

"काकू, पण का?"

काकूंनी त्यांना बाहीला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. ओट्यावरचं दूध उतू जाऊन कधीचंच थंड झालं होतं.

"डॉक्टर, मी यांच्यावर राग धरून नाही केलं हो. माणूस फार चांगला. पण लग्न झाल्यापासून या घरात बोलले ते हेच. जेवताना तेच, चहाला तेच. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, काकू अबोल आहेत. मी अबोल नाही. मला मधे जागाच मिळाली नाही." त्यांनी फडकं घेऊन ओट्यावरचं दूध पुसायला घेतलं. "दात काढून आणले त्या दिवशी संध्याकाळी हे गप्प बसलेले. घर कसं खायला उठलं. म्हणून मीच काहीतरी बोलायला सुरुवात केली. लहानपणचं, असंच. आमच्या घराच्या मागं गोदाम होतं, त्याच्याबद्दल. तर हे ऐकत बसले! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून रोज बसतात. एवढ्या वर्षांत यांना माझ्या शाळेचं नावही माहीत नव्हतं. आता माझ्या थोरल्या भावाच्या सायकलीपर्यंत आलेय मी. कॉलेज तर अजून सगळंच राहिलंय."

कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारावा असं डॉक्टरांना वाटलं नाही.

"बसवा तुम्ही ती कवळी," काकू म्हणाल्या. "नातीचं लग्न आहे, मला का कळत नाही? माझीही नात आहे ती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं, एवढंच."

डॉक्टर बाहेर आले. काकांना त्यांनी खिडकीच्या उजेडात बसवलं, कवळी बसवली, काढली, जराशी घासली, परत बसवली. खालची किंचित टोचत होती ती बाजू हातयंत्रानं गुळगुळीत केली. काकांनी सफरचंदाचा तुकडा चावून बघितला. मग घसा साफ केला, उठून उभे राहिले, आणि नसलेल्या माइकवर बोटानं टकटक केली.

"रसिकहो!" काका म्हणाले.

आवाज खणखणीत होता. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरांच्याही आलं, कारण काम झकास झालं होतं. काका बोलायला लागले. डॉक्टरांच्या हाताबद्दल बोलले, दातांचं माणसाच्या आयुष्यातलं स्थान यावर बोलले, नातीच्या लग्नात काय बोलणार आहेत त्याचा थोडासा नमुना म्हणून बराच वेळ बोलले. काकू दारापाशी उभ्या होत्या, हात पदराला पुसत, नेहमीसारख्या.

"बरं डॉक्टर," काकांनी शेवटी श्वास घेतला, "ही काढायची कधी?"

"झोपताना," असं डॉक्टर म्हणणार होते. तेच खरं होतं. पण काकांच्या खांद्यामागून काकूंनी दोन्ही हात वर केले होते आणि सहा बोटं दाखवली होती.

"सहा वाजता," डॉक्टर म्हणाले.

"सकाळी?"

"संध्याकाळी."

"इतक्या लवकर? नियमच आहे का तसा?"

"हिरड्यांना विश्रांती लागते." आयुष्यात कधी न लिहिलेलं, कधी न वाचलेलं शास्त्र डॉक्टरांच्या तोंडून आपसूक येत होतं. मागं काकूंनी एक बोट मिटलं. "हिवाळ्यात पाच," डॉक्टर म्हणाले. "थंडीत हिरड्या लवकर दमतात."

काकांनी मान खाली घातली आणि ते विचार करायला लागले. मग ते मागं वळले, काकूंकडे बघितलं. काकूंचा हात पटकन पदरात गेला.

"पाच म्हणजे फार उशीर होतो हो," काका म्हणाले. "मी एकदा बोलायला लागलो की माझं मलाच आवरत नाही, तुम्हाला माहीत आहे. चारला काढली तर हिरड्यांना काही अपाय?"

"अपाय कसला! उलट..."

"कारण हिच्या भावाची सायकल गोदामाच्या भिंतीला लावलेली चोरीला गेली, इथपर्यंत काल कळलंय मला. आणि चोर घरातलाच होता असं ही म्हणाली आणि दिवे मालवून झोपायला गेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

एवढं बोलून काकांनी तोंडात बोटं घातली, वरची काढली, खालची काढली, दोन्ही टेबलावरच्या पाण्याच्या भांड्यात सोडली आणि आरामखुर्ची काकूंच्या बाजूला ओढली.

काकूंनी डॉक्टरांकडे बघितलं. मग स्टूल घेऊन बसल्या, पदर नीट केला.

"तर आमचा एक मामा होता," त्या म्हणाल्या.

डॉक्टर तोवर बॅग उचलून दारापर्यंत गेले होते आणि एक बूट पायात चढवूनही झाला होता. त्यांनी जरा वेळ तसंच उभं राहून ऐकलं. मग तो बूट परत काढला आणि आत येऊन बसले.